नेम निजामोद्दीनचा

रानडुकराचं वजन किती भरलं, असं विचारणाऱ्याला शिकारीतलं काही कळत नाही. हे वाक्य माझं नाही, निजामोद्दीन पिंजाऱ्याचं आहे. त्याच्या बऱ्याच गोष्टी माझ्या नावावर खपल्या आहेत, म्हणून हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

मी बद्रीनाथ, धावड्याचा. माझं रान डोंगराच्या पायथ्याला आहे. भुईमूग पेरला की डुकरं आधी जेवायची आणि उरलंसुरलं आम्ही. पिकाच्या राखणीसाठी वडिलांनी परवान्याची एकनळी बंदूक घेतली होती, ती त्यांच्यामागं माझ्या नावावर आली. बंदूक आली, पण नेम काही आला नाही. दहा पावलांवर ठेवलेलं गाडगं मी चुकवायचो. माझी बायको साळूबाई म्हणायची, "डुकरं तुमच्या बंदुकीला न्हाई, माझ्या शिव्यांना भेतेत." ते खरंही होतं.

नेम होता निजामोद्दीनकडे. थंडीच्या दिवसांत गाद्या-रजया भरायच्या आणि बाकी वर्षभर दोन एकराचा तुकडा कसायचा, असा त्याचा संसार. त्याचे वडील निजामाच्या राज्यात कुठल्याशा जहागीरदाराच्या शिकारीत असायचे, त्यांच्याकडून हा शिकला. मंग आमचं ठरून गेलं. बंदूक माझी, नेम त्याचा. भुईमुगाला शेंगा धरल्या की तो रोज पहाटे माझ्या रानात यायचा.

डुक्कर पडलं की त्याचं काम संपायचं. बंदूक माझ्या हातात द्यायचा, वीस पावलं लांब जाऊन उभा राहायचा, आणि पडलेल्या जनावराला बोटही न लावता विहिरीवर कोपरापर्यंत हात धुवायचा. त्याच्या धर्मात ते जनावर निषिद्ध. मटण ज्याला न्यायचं तो नेई. घरी निजामोद्दीन फक्त एवढंच सांगायचा, "बद्रीभाऊच्या रानात राखणीला गेल्तो." त्या जनावराचं नाव त्याच्या घरात कोणी तोंडातून काढत नसे, त्यामुळे त्याची गोष्टही कधी निघत नसे. पंचक्रोशीत असा नेम नव्हता, आणि बायकोला, पोराला त्याचा पत्ता नव्हता. मला तेव्हा याची गंमत वाटायची.

पंच्याऐंशी साली तो मोठा डुक्कर आला. कळप सोडून एकटा हिंडणारा जुना नर, पाठीवरचे केस खराट्यासारखे ताठ. तीन दिवसांत त्यानं अर्धा एकर नांगरून काढला. आमच्या कुत्र्याचं पोट फाडलं. चौथ्या दिवशी उजाडताना आम्ही दोघं नाल्याच्या वळणावर बसलो होतो. मागं गवत खसखसलं, आणि निजामोद्दीन हळूच म्हणाला, "भाऊ, झाडावर चढ."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी बाभळीवर होतो. काटे कुठं कुठं रुतले ते संध्याकाळी कळलं. वरून मी सगळं बघितलं. डुक्कर गवतातून बाहेर आला, थांबला, त्यानं मान खाली घातली आणि सरळ निजामोद्दीनवर निघाला. निजामोद्दीन बांधावर एक गुडघा टेकून बसलेला. मी वरून ओरडत होतो, "मार! मार की!" तो मारेना. पंधरा पावलं राहिली, दहा राहिली, मी डोळे मिटून घेतले. बार झाला. डोळे उघडले तर डुक्कर त्याच्या पायापासून चार हातांवर नाक मातीत खुपसून पडलेला, आणि निजामोद्दीन तसाच गुडघ्यावर.

मी खाली आलो आणि येडपटासारखा पहिला प्रश्न तोच विचारला, "किती किलो भरंल रे?"

"वजन म्हंजे मटन," तो म्हणाला. "जनावराचं नाव होतं ते सुळ्यानं. इकडं ये, बघ." हातात एक काठी घेऊन, अंतर राखून, त्यानं मला दाखवलं. खालचे दोन सुळे बाहेर दिसतात ते निम्मेही नसतात, खरा सुळा जबड्याच्या आत असतो. वरचे आखूड दात म्हणजे त्यांची सहाण, जनावर जन्मभर खालचे त्यांच्यावर घासून धार लावतं. झुंजीत, मुळ्या उकरताना, एखादा तरी तुटतोच. म्हाताऱ्या नराचे दोन्ही सुळे शाबूत, टोकाला धार, दोन्ही बराबर एका मापाचे, असं जनावर हजारात एखादं. "माझ्या वालीदनं उभ्या जिंदगीत दोन बघितले," तो म्हणाला. "हा तिसरा."

सुळे काढायचे कसे तेही त्यानंच सांगितलं. गोठ्यामागं तीन दगड मांडून फुटक्या घमेल्यात मी जबडा उकळला. तो लांबून बघत होता. "ओढू नको, फुटंल. ढिला होऊ दे." सुळे निघाले ते माझी वीत भरून वर दोन बोटं. मुळाशी पोकळ होते, त्यात त्यानं मेण ओतायला लावलं, नाहीतर सुकून तडकतात. सुताराकडून सागाची फळी आणून मी ते त्याच्यावर बसवले. हात माझे, अक्कल त्याची.

मंग प्रश्न आला, ठेवायचे कुठं. त्याच्या घरात ते जाणं शक्यच नव्हतं. "तुझ्या वसरीवर ठेव," तो म्हणाला. मी म्हणालो, फळीवर तुझं नाव खोदून घेऊ. तो दचकला. "न्हाई न्हाई. त्या जनावराच्या बाजूला माझं नाव लिहू नको. तोंडानं सांग. कोणी विचारलं ना, की कोणी मारला, तर सांग, निजामनं मारला. बस. मला दुसरं काय बी नको."

"सांगतो की. त्यात काय," मी म्हणालो. साळूबाई दारात उभी होती, तिनंही ऐकलं.

एवढंच होतं त्याचं मागणं. गुडघ्यावर बसून मरण चार हातांवर येऊ दिलं, त्याबद्दल जगाकडून त्याला एक वाक्य पाहिजे होतं, आणि ते वाक्य माझ्याजवळ ठेवायला दिलं होतं.

दर शुक्रवारी नमाज झाली की निजामोद्दीन आमच्या ओसरीवर यायचा. चहा प्यायचा, सुळ्यांकडं बघायचा, बोलायचा मात्र पाऊसपाण्याचं. कोणी पाहुणा असला की मी सांगायचो, "हा बघा, ह्यानं मारला." तो खाली मान घालून बशीत फुंकर मारायचा. कान लाल व्हायचे. पहिली तीन-चार वर्षं मी अगदी इमानानं सांगितलं, हे माझ्या बाजूनं नोंदवून घ्या, कारण पुढं माझ्या बाजूचं काहीही नाही.

बिघडलं कसं, तर एकदा शेतीखात्याचे एक साहेब आले. सुळे बघून म्हणाले, "वा, बद्रीनाथराव, तुम्ही मारलं?" माझ्या तोंडात तंबाखू होता. उठून थुंकायला जायचा मी आळस केला, आणि नुसती मान हलवली. साहेबांनी माझ्याकडं बघितलं ते वेगळ्या नजरेनं. त्या नजरेची चटक लागली. पुढच्या वेळी तोंड रिकामं असूनही मी मान हलवली. त्याच्या पुढच्या वेळी गोष्ट सांगितली. बंदूक माझी, रान माझं, मंग डुक्कर कोणाचा, असा हिशेब मी मनाशी बसवला होता. गोष्ट चांगली जमायची. बाभळीवरून सगळं दिसलेलं होतं, फक्त बाभळीवर कोणी नव्हतं असं धरून सांगायचं. निजामोद्दीनसमोर मात्र मी तो विषय टाळायचो.

साळूबाईनं एकदा टोकलं. "वाघ मारला म्हनून सांगा की, डुकरावर कशाला थांबता?" मी हसण्यावारी नेलं.

शहाण्णव साली आमच्या नंदाचं लग्न अंबडला ठरलं. व्याही तातेराव कोर्टात बेलिफ होते, माणूस हौशी, बोलका. पहिल्या भेटीतच मी त्यांना डुकराची गोष्ट सांगून बसलो होतो. याद्या करायला ते चार माणसं घेऊन आले, आणि ओसरीवर बसल्या बसल्या तीच गोष्ट आपल्या माणसांना सांगायला लागले. नेमका तेव्हाच निजामोद्दीन आला. लेकीच्या लग्नाच्या गाद्या त्यानं स्वतः भरल्या होत्या, नव्या कापसाच्या. खांद्यावर दोन गाद्या, अंगात धुतलेला सदरा. पाहुणे बघून तो पायरीवरच थांबला.

तातेराव रंगात आले होते. "आमचे व्याही जमिनीवर, पायी! गुडघा टेकला, आणि येऊ दिलं जनावर, येऊ दिलं. दहा पावलं! तुमची-माझी तर धोतरं सुटली असती." माणसं हसली. मंग त्यांचं लक्ष पायरीकडं गेलं. "हे कोण?"

"निजामभाई," मी म्हणालो. "गाद्या भरतात."

"मंग गावातलेच की. काय हो, तुम्ही होता का तेव्हा?"

निजामोद्दीन माझ्याकडं बघत राहिला. रागानं नाही. शुक्रवारी बघायचा तसाच, मी आता सांगेन म्हणून. मला वेळ होता. बशीभर चहा पिऊन होईल एवढा वेळ होता. पण ओसरीवर लेकीचा सासरा बसलेला, आणि एक खरं बोललो तर बाकीच्या बोलण्याचं काय, असा धाक पडला. मी म्हणालो, "होता की. काडतुसं द्यायला."

त्यानं एकदा डोळे मिटून उघडले. मंग तातेरावांकडं वळला. "हौ जी," तो म्हणाला. "मी काडतुसं धरून पाठीमागं होतो. भाऊनं इतकं जवळ येऊ दिलं की माझं तर काळीजच थांबलं. नेम पायजे तर असा." आणि मला विचारलं, "गाद्या कुठं ठेवू, भाऊ?"

गाद्या आत ठेवून तो गेला. चहा आला होता, तो तसाच राहिला. पाहुणे गेल्यावर साळूबाईनं त्या बशीकडं बोट दाखवलं. "त्याचं तोंड बघितलं का तुमी? माणसाच्या तोंडचा घास काढावा तसं केलं तुमी. आत्ताच्या आत्ता जा आन् पाय धरा त्याचे."

जातो म्हणालो. लग्न उरकू दे, मंग जातो. लग्न उरकलं. खळं होऊ दे, मंग जातो. अशी लाज आहे माझी, कामाच्या आडोशाला बसणारी.

त्यानं राग धरला असता तर बरं झालं असतं. रस्त्यात दिसला की हात वर करायचा, नंदाची खुशाली विचारायचा. फक्त शुक्रवारचं येणं बंद झालं. भुईमुगाला शेंगा धरल्या तेव्हा मी त्याला बोलवायला गेलो. तो म्हणाला, "नजर कमजोर झाली, भाऊ. आता नेम धरवत न्हाई." त्याच आठवड्यात त्याच्या दारावरून जाताना मी बघितलं, उन्हात बसून तो रजईला टाके घालत होता. दोरा संपला. त्यानं नवा दोरा ओला केला आणि एका झटक्यात सुईत ओवला. मी तिथून गुपचूप पुढं निघून गेलो. पुढं मी भुईमूग पेरणंच सोडलं.

दोन हजार एकमध्ये साळूबाई गेली. जायच्या आदल्या दिवशीही विचारलं तिनं, "गेल्ता का निजामभाईकडं?" मी खोटं बोललो, गेल्तो म्हणून. आयुष्यभर तिच्याशी एवढं एकच खोटं बोललो.

आणि दोन हजार तीनच्या थंडीत निजामोद्दीन गेला. कापसाची धूळ छातीत बसली होती म्हणे, चार दिवसांत संपला. मी मातीला गेलो. तीन मुठी माती टाकली. ओठांशी शब्द आले होते, पण कबरीभोवती माणसं होती. माणसं असली की माझं काय होतं ते मी सांगितलंच आहे.

चाळिसाव्याला अलीमनं, त्याच्या मुलानं, मला जेवायला बोलावलं. त्या दिवशी सकाळी मी फळी भिंतीवरून काढली. सुळे एका पिशवीत घातले. त्याच्या घरात नेता येणार नाहीत हे ठाऊक होतं, म्हणून पिशवी बाहेर सायकललाच अडकवली. पण आज सांगायचंच, चारचौघांत सांगायचं, आणि सुळ्यांचं काय करायचं ते त्याच्या माणसांना विचारायचं, असं ठरवून मी आत गेलो.

पंधरा-वीस माणसं जेवत होती. निजामोद्दीनची बायको बदरुन्निसाभाभी इद्दतीत होत्या, नवरा गेल्यावर पाळायच्या दिवसांत, म्हणून मधल्या दाराच्या पडद्याआड. अलीमनं मला शेजारी बसवून घेतलं. मी घास न घेताच बोलायला लागलो.

"भाभी, ऐकून राह्यल्या का? मला एक बोलायचंय. पंच्याऐंशी साली माझ्या रानात ते मोठं जनावर पडलं, ते मी न्हाई मारलं. निजामभाईनं मारलं. मी जगाला खोटं सांगितलं. त्याचे सुळे बाहेर आणलेत मी. ते त्याचे हायेत."

 मला वाटलं, आता कोणीतरी उठेल. शिवी देईल. मी त्यासाठीच आलो होतो.

अलीम हळूच हसला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. "काका, ती गोष्ट आम्हाला तोंडपाठ आहे. अब्बा लेकरांना रोज सांगायचे ना. आधी कधी त्या जनावराचं नाव काढत नव्हते. पण नंदाताईच्या लग्नानंतर सांगायला लागले. म्हणायचे, बद्रीचाचानं मारला, दुसऱ्याची शिकार सांगायला काय हरकत?"

"काय सांगायचे?" मी विचारलं.

"सगळं. तुम्ही गुडघा टेकून बसले. पापणीवर एक माशी येऊन बसली, पण तुम्ही पापणी हलवली न्हाई. तोंडात लोखंड चाटल्यावाणी चव आली होती तुमच्या. जनावर अंगावर येताना तुमच्या मनात कायबी न्हाई, फक्त एक रजई अर्धी राह्यली, ती कोण पुरी करंल, एवढंच आलं." तो थांबला. "रजई तुमच्या मनात कशी आली, असं माझी छोटी विचारायची. तर अब्बा म्हणायचे, चाचालाच विचार."

 माशी मला बाभळीवरून दिसली नव्हती. अठरा वर्षं मी ती गोष्ट सांगितली, आणि त्यात माशी नव्हती, लोखंडाची चव नव्हती, रजई नव्हती. गड्यानं आपली शिकार आपल्याच घरात शेवटी सांगून घेतली होती. फक्त तिथं माझं नाव घातलं होतं, कारण माझं नाव घातल्याशिवाय त्याच्या घरात ती सांगताच येत नव्हती, आणि बाहेर मी सांगू दिली नव्हती.

"अलीम, ते मी न्हाई," मी म्हणालो. "मी तर झाडावर होतो. बाभळीवर. भेऊन चढलो होतो."

दोघं-तिघं हसले, प्रेमानं. अलीम म्हणाला, "झाडावर तर अब्बा होते, काका. सांगायचे ना, काटे रुतलेले मला संध्याकाळी कळले म्हणून. लेकरं लई हसायची."

पडद्याआडून भाभींचा आवाज आला, रडून बसलेला. "भाऊ, बस करा. मयताला इतका मान कोण देतं? ते बोलायचे, बद्रीभाऊचं दिल लई मोठं हाय. आज मी बघून राह्यले. तुमचे सुळे तुमच्याच घरी ठेवा. तुमचा हक हाय त्यांच्यावर."

"भाभी, नंदाची शपथ घेऊन सांगतो..."

"लेकीची शपथ घेऊ नका," त्या म्हणाल्या. "आमाला समजलं तुमचं मन."

साळूबाई असती तर तिनं कंबर कसून सांगितलं असतं, आणि तिचं कोणी ऐकलंही असतं. सुरुवातीला खरं ऐकलेले पाहुणे परगावचे, गावात आता ते खरं फक्त माझ्याजवळ होतं, आणि माझ्या तोंडून ते कोणी घेईना. मी तिसऱ्यांदा सांगितलं. सांगता सांगता रडू फुटलं. समोरचे एक म्हातारे गृहस्थ जेवण थांबवून डोळे पुसायला लागले. अलीमनं माझ्या पाठीवर हात फिरवला. "रडू नका काका. जेवा. अब्बाच्या नावानं दोन घास घ्या," म्हणाला, आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

मी जेवलो. पडद्याआड भाभी कोणाला तरी सांगत होत्या, दोस्त असावा तर असा.